पाच तोंडांचं पॅकिंग

'गॅस्केट' हा शब्द आमच्याकडच्या गॅरेजात फारसा ऐकू येत नाही. जालना, अंबड, परतूर, भोकरदन, कुठंही जा, मिस्त्री त्याला पॅकिंगच म्हणतो. हेडचं पॅकिंग, पंपाचं पॅकिंग, सायलेन्सरचं पॅकिंग. धातूचे दोन भाग जिथं एकमेकांना जोडतात तिथून वाफ, पाणी, तेल किंवा धूर निसटू नये म्हणून मध्ये घातलेला पातळ थर, एवढाच त्याचा अर्थ. आज लिहायचं आहे ते जुन्या ॲम्बॅसेडर मोटारीच्या मॅनिफोल्डच्या पॅकिंगबद्दल.

इतिहासाच्या मास्तराला हा विषय कुठून सुचला, असं काही जण विचारतील. पस्तीस वर्षं मी शाळेत तह, लढाया आणि सनावळ्या शिकवल्या. सनावळीत न बसणाऱ्या वस्तूंनाही इतिहास असतो हे मला जरा उशिरा, गॅरेजातल्या बाकड्यावर बसून कळलं. आमच्या स्नेही डॉक्टरांकडे ॲम्बॅसेडर होती. तिच्या दुरुस्तीच्या वेळी सोबत म्हणून मी जात असे. तिथं जे पाहिलं आणि पुढं त्याविषयी जे वाचलं, ते एकत्र मांडतो.

आधी हा भाग काय असतो ते पाहू. इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत न्यायचं आणि जळून झालेला धूर बाहेर काढायचा. आत नेणारी बिडाची नळकांडी म्हणजे इनलेट मॅनिफोल्ड आणि बाहेर नेणारी म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. ॲम्बॅसेडरला पहिली दोनेक वर्षं जुन्या पद्धतीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं. त्यानंतर जे १४८९ सीसीचं इंजिन बसलं आणि पुढं अनेक वर्षं टिकलं, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' घराण्यातलं. या इंजिनात दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला बसतात. चार सिलिंडरांची आत-बाहेर मिळून आठ तोंडं असायला हवीत, पण आहेत पाचच. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या धुराला स्वतंत्र तोंड, मधल्या दोघांच्या धुराला मिळून एक आणि मिश्रण आत जायला दोन-दोन सिलिंडरांत एक. एका ओळीत पाहिलं तर धूर, मिश्रण, धूर, मिश्रण, धूर. या पाचही तोंडांवर एकच लांबट पॅकिंग बसतं.

त्या बिचाऱ्याची अवस्था बघा. धुराच्या तोंडाशी सहाशे अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त उष्णता आणि शेजारच्याच तोंडातून पेट्रोलचं गार मिश्रण चाललेलं. बीड तापलं की लांबतं. चाळीस सेंटिमीटर लांबीचं बिडाचं नळकांडं पाचशे अंशांनी तापलं तर दोनेक मिलिमीटर वाढतं. गाडी थांबली की पुन्हा आखडतं. रोज दोनदा-तीनदा हे ताणणं-आखडणं वर्षानुवर्षं चालतं. त्यात हेड तेवढं तापत नाही, म्हणून ते तेवढं लांबत नाही. दोघांच्या मध्ये दबलेल्या पॅकिंगला ही ओढाताण सोसत बसावं लागतं. एक दिवस ते कुठंतरी जळतं, तुटतं, आणि फट पडते.

बाहेर दोन लोखंडी तोंडं जोडून आत वाफ कोंडायची, हा प्रश्न मोटारीच्या आधीचा. वाफेच्या इंजिनात दांडा आत-बाहेर सरकतो त्या जागी ताग आणि चरबी ठासत. स्थिर जोडांवर शेंदूर आणि जवसाचं तेल मळून त्याचा लेप लावत. होय, आपण मारुतीला लावतो तोच शेंदूर, शिशाचं संयुग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातल्या रिचर्ड क्लिंगर यांनी ॲस्बेस्टॉसचे तंतू आणि रबर दाबून जोडाच्या पातळ चादरी बनवल्या. ॲस्बेस्टॉस हे खनिज, पण त्याचे धागे निघतात आणि ते जळत नाहीत. उष्णतेच्या जोडासाठी याहून सोयीची वस्तू तेव्हा दुसरी नव्हती. ती जगभर गेली आणि क्लिंगरांचं नाव जुन्या कारागिरांच्या तोंडी त्या चादरीचंच नाव होऊन बसलं.

आमच्या भागात यंत्र आलं ते वाफेवरच. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाडहून जालन्यामार्गे सिकंदराबादकडं जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली. जालना ही कापसाची मोठी पेठ, म्हणून सरकी काढण्याचे आणि गठाणी दाबण्याचे कारखानेही इथं आले. बॉयलर आला की जोड आले आणि जोड आले की ते गळणं आलं. त्यामुळं आमच्याकडच्या कारागिराला मोटार भेटण्याआधी पॅकिंग भेटलेलं असणार, असं मला वाटतं. शब्दांतही ही सगळी राजवट दिसते. 'मिस्त्री' हा पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आलेला, 'उस्ताद' फारसीतून, 'पॅकिंग' इंग्रजीतून आणि 'नळकांडं' आपलं मराठी. निजामाच्या रेल्वेनं १९३२ च्या जूनमध्ये २७ बसगाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूकही सुरू केली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. राज्यं बदलली, शब्द मात्र राहिले.

आता ॲम्बॅसेडर. ही मोटार इथवर आली आणि इतकी टिकली त्यामागं एक सरकारी निर्णय आहे. स्वातंत्र्याच्या वेळी मुंबईत परदेशी कंपन्या सुटे भाग आणून मोटारी जोडत असत. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ चा. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनं ठरवलं की, ज्यांचा इथंच मोटार बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावं. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. उरले ते मुख्यतः तीन: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, वालचंद हिराचंदांनी उभी केलेली मुंबईतली प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून बनवलेली ॲम्बॅसेडर १९५७ मध्ये आली आणि २०१४ च्या मे महिन्यात तिचं उत्पादन थांबलं. सत्तावन्न वर्षं. मधल्या काळात डिझेल आलं, १९९० च्या दशकात इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आलं, पण जुन्या 'बी सिरीज'च्या गाड्या रस्त्यावर राहिल्याच.

त्या काळात नवी मोटार नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. आयात जवळपास बंद. तेव्हा असलेली गाडी चालवत राहणं एवढाच मार्ग होता आणि तो मार्ग गॅरेजातून जात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नवे साहेब. कचेरीच्या आवारातल्या पांढऱ्या ॲम्बॅसेडर आणि जीपगाड्या हे त्या वेळच्या प्रत्येक जिल्ह्याचं चित्र होतं. शहरातल्या डॉक्टर-व्यापाऱ्यांकडे होत्या त्या बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या.

आमच्या डॉक्टरांच्या गाडीचा आवाज एका हिवाळ्यात बदलला. सकाळी गार इंजिन चालू केलं की बॉनेटखालून 'टक्-टक्-टक्' असा बारीक आवाज यायचा आणि गाडी तापली की कमी व्हायचा. टॅपेटचा आवाजही असाच असतो, म्हणून पुष्कळ जण तिथंच फसतात. मिस्त्रीनं रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं जोडावरून हळूहळू फिरवलं. मधल्या तोंडाशी येऊन थांबला. तिथं बॅटरीच्या उजेडात काजळीचा पंखा उमटलेला दिसला. गार असताना फट उघडी असते, तापल्यावर धातू फुगून ती थोडी मिटते. आवाज कमी होतो, पण रोग तसाच राहतो.

हा रोग आवाजापुरता नसतो. जोड आत येणाऱ्या बाजूनं गळला तर बाहेरची हवा मिश्रणात घुसते, इंजिन जागेवर उभं असताना अडखळतं आणि प्लगचं टोक पांढरं पडतं. धुराच्या बाजूनं गळला तर वायू बॉनेटखाली साचतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट जोरानं चिकटतो. जुन्या गाडीत पायांजवळच्या पत्र्याला वायर आणि दांड्यांची भोकं असतात, हवेची झडप असते. तिथून तो आत येतो. त्या हिवाळ्यात तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जाताना, काचा बंद केल्या की डॉक्टरांच्या आईला गरगरायचं. म्हातारीला गाडी लागते, असं घरात सगळे म्हणत. मिस्त्रीनं काजळी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच: "आजकल गाडी में किसी का सर दुखता क्या साब?" डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. निदान त्यांच्या आधी त्यानं केलं होतं.

काम दोन दिवसांचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी नटांवर रॉकेल आणि तेल सोडून ठेवायचं. वर्षानुवर्षं तापून नट आणि स्टड एकजीव झालेले असतात, जोर केला तर स्टड हेडमध्येच मोडतो आणि दोन तासांच्या कामाचे दोन दिवस होतात. सकाळी इंजिन पूर्ण गार. बॅटरीची तार काढली, हवेचा फिल्टर, पेट्रोलची नळी, ॲक्सिलरेटरचा दांडा, चोकची तार आणि कार्बुरेटर उतरवला. खालून सायलेन्सरच्या गळ्याचे बोल्ट सोडले. मग नट. आधी जरासा आवळायचा, 'कट्' असा आवाज आला की उलटा फिरवायचा, पुन्हा थोडा आवळायचा. घाई नाही. कडेचे झाले, मधले झाले आणि मॅनिफोल्ड हातात आलं. पॅकिंग मधल्या तोंडाशी जळून काळं पडलेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "आणा नवीन आणि लावा." मिस्त्री हसला. त्यानं मॅनिफोल्ड बाकावर उलटं ठेवलं, स्टीलची पट्टी त्याच्या तोंडांवर आडवी धरली आणि खालून पातळ पात्यांचं फिलर गेज सरकवलं. मधल्या तोंडाशी पातं सहज आत गेलं. "पॅकिंग का कसूर नइ सर, मुँह टेढा हो गया. नया डालेंगे तो दो महिने में फिर जलेगा." पॅकिंग बिनकसूर होतं, जोडाचं तोंडच वाकडं झालं होतं. मग ते लेथवाल्याकडं गेलं, फेस मारून सपाट झालं आणि दुपारनंतर परत आलं.

बसवतानाही त्याच्या खुणा होत्या. पॅकिंगची धातूच्या पत्र्याची बाजू मॅनिफोल्डकडं. त्याला कसलाही लेप नाही, कोरडंच. नट पितळी, कारण पितळ लोखंडाला गंजून धरत नाही. या इंजिनात काही नटांखालचा जाड वॉशर एकाच वेळी दोन्ही मॅनिफोल्डच्या कडा दाबतो. एकाची कड जाड आणि दुसऱ्याची पातळ असेल तर वॉशर तिरका बसतो आणि पातळ बाजू सैल राहते. म्हणून लेथवर जाताना दोन्ही कडा मोजायच्या. आवळायचं मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडं-थोडं, तीन फेऱ्यांत. गाडी एकदा तापवून, पूर्ण गार करून, पुन्हा एकदा हात फिरवायचा. यातलं एकही वाक्य त्यानं कुठं वाचलेलं नव्हतं. ब्रिटनमध्ये छापलेल्या कारखान्याच्या पुस्तकात यातलं बरंचसं आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ते पुस्तक जालन्याला आलं नव्हतं. ज्ञान आलं होतं, एका उस्तादाच्या हातून दुसऱ्याच्या हातात.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख जुन्या दिवसांच्या कौतुकाचा झाला असता. आपल्याकडं असं कौतुक खूप होतं. 'आमचा मिस्त्री काहीही जुळवायचा', 'आता वापरा आणि फेका'. ते खोटं नाही. पण त्या बाकड्यावरून मी आणखी एक गोष्ट पाहिली होती आणि तिचा अर्थ मला तेव्हा ठाऊक नव्हता, गॅरेजातही कुणाला नव्हता.

मॅनिफोल्ड उतरल्यावर हेडला चिकटून राहिलेलं जुनं पॅकिंग खरवडायचं काम हाताखालच्या पोराचं. बारा-तेरा वर्षांचा असेल. छन्नीनं, मग तारेच्या ब्रशनं, मग पॉलिश पेपरनं तो तोंडं घासत होता. करडी भुकटी उडत होती. दर मिनिटाला वाकून तो तोंड जवळ नेई आणि फुंकर मारून भुकटी उडवी, मग पुन्हा श्वास घेई. बाजारात तयार पॅकिंग मिळालं नाही तर चादर कापून घरीच बनवायचं, तेही काम त्याचंच. चादर तोंडावर ठेवून गोल हातोडीनं कडेवर ठोकत राहायचं म्हणजे भोकाचा आकार कापला जातो. ती चादर ॲस्बेस्टॉसची होती.

ॲस्बेस्टॉसचे तंतू इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. ते फुप्फुसात जाऊन अडकतात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यातून फुप्फुसं घट्ट होण्याचा ॲस्बेस्टॉसिस हा आजार, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा नावाचा आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. मेसोथेलिओमा दिसायला वीस ते चाळीस वर्षंही लागतात. पॅकिंगमधले तंतू रबरात बांधलेले असतात, ते नुसतं हातात धरल्यानं काही होत नाही. कोरडं घासलं, ब्रश मारला, फुंकर घातली की ते मोकळे होतात. म्हणजे त्या पोरानं जे जे केलं, नेमकं तेच.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या प्रकरणात निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. कारखान्यांनी कामगाराच्या तब्येतीची नोंद चाळीस वर्षं जपावी आणि आजार सिद्ध झालेल्याला एक लाख रुपये भरपाई द्यावी, असेही आदेश दिले. चाळीस वर्षं का, तर आजार तितका उशिरा उगवतो म्हणून. निकाल फार मोलाचा होता. पण नोंद ठेवायची तर आधी हजेरीपटावर नाव लागतं. आमच्या गॅरेजातल्या पोराचं नाव कारखान्याच्या पटावर नव्हतंच. शाळेच्या पटावर ते एके काळी होतं. सातवी-आठवीत नाव कमी झालेली मुलं पुढं गॅरेजात, भट्टीवर, चहाच्या टपरीवर दिसायची, हे माझ्या पिढीच्या प्रत्येक मास्तरानं पाहिलं आहे. बालकामगारांचा कायदा १९८६ ला झाला, पण चौदा वर्षांखालच्या मुलांना, घरच्या उद्योगासारखे अपवाद सोडून, कामावर ठेवायला पुरती बंदी यायला २०१६ उजाडलं.

म्हणून मला वाटतं, त्या स्वस्त दुरुस्तीचा हिशोब आपण अर्धाच मांडतो. मोटार पन्नास वर्षं चालली, त्याचं श्रेय आपण मिस्त्रीच्या हातांना देतो, आणि ते त्याचं आहेच. पण ती इतकी स्वस्तात चालली, कारण नवे भाग नव्हते, पर्याय नव्हते आणि घासणाऱ्या पोराच्या श्वासाची किंमत कुणी लावली नाही. टंचाईनं कारागिरी घडवली आणि त्याच टंचाईनं तिची किंमत सगळ्यात लहान माणसाकडून वसूल केली. इतिहास लिहायचा तर दोन्ही बाजू एकाच वहीत लिहायला हव्यात.

आता बरंच बदललं आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नव्यानं होत नाही, त्यामुळं कचेऱ्यांच्या आवारातली जुनी वाहनं मोडीत गेली. जालन्याच्या पोलाद भट्ट्यांत भंगार वितळतं, त्यातून सळ्या बनतात. नव्या गाड्यांत मॅनिफोल्डला पोलादाच्या थरांचं, ग्राफाइटचं किंवा ॲरामिड तंतूंचं पॅकिंग असतं. पण भारतात ॲस्बेस्टॉसच्या वापरावर अजूनही सरसकट बंदी नाही. ते बाहेरून येतं आणि मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांत जातं. जुन्या इंजिनांवर जुनी पॅकिंग अजून आहेतच.

वाचकांपैकी कुणाकडे हौसेनं ठेवलेली जुनी ॲम्बॅसेडर, फियाट किंवा जीप असेल तर म्हाताऱ्या मास्तराचं एवढं ऐका. गार इंजिनाची टक्-टक् ऐकू आली तर काचा उघड्या ठेवून गाडी थेट गॅरेजात न्या, पुढं ढकलू नका. जुनं पॅकिंग ॲस्बेस्टॉसचंच आहे असं धरून चाला. ते पाण्यानं भिजवून ओलंच खरवडायला सांगा, ब्रश आणि फुंकर नको, तोंडावर धूळ अडवणारा चांगला मास्क असू द्या. निघालेला लगदा ओल्या फडक्यानं टिपून पिशवीत बांधा, उघड्यावर झटकू नका. नवं घेताना ॲस्बेस्टॉस नसलेलं आहे का ते दुकानदाराला विचारा. आणि मॅनिफोल्डचं तोंड सरळ आहे का ते पट्टी लावून बघितल्याशिवाय नवं बसवू देऊ नका.

आणखी एक. तुमच्या गावातला सत्तरीतला एखादा मिस्त्री अजून असेल तर त्याच्याजवळ तासभर बसा आणि तो सांगेल ते लिहून घ्या. सोबत त्याला हेही विचारा की, त्याच्या हाताखाली कोण-कोण पोरं होती, ती आता कुठं आहेत आणि त्यांची छाती ठीक आहे ना.